संध्याकाळची चिमूट

४ जून

चि. भिंगरी हिस अनेक उत्तम आशीर्वाद, वि. वि.

माझी तब्येत बरी आहे, विचारू नकोस. तुझ्या टाकीची बरी नाही. तुझा निळा मासा परवा मेला. मेला तो मेला, पण त्याला बोटभर लांबीच्या पाण्यातल्या गोमा लटकल्या होत्या. गुलाबी अंग, दोन्ही कडांना पांढरे केस. दगडांच्या फटींतून अशा निघाल्या होत्या, जसे फुकटच्या जेवणाला लांबचे नातेवाईक. मी हात घालून एक खेचली. गोम निसटली, केस माझ्या बोटांत राहिले. बोटं अशी चुणचुणताहेत की कालची भांडी तुझ्या काकाने घासली. नळ बघायला आला होता, सापडला.

आधी एखादीच गोम दिसायची, आता दगड हलवला की गर्दी. माशांच्या दुकानातला दाढीवाला म्हणतो, यांनीच मारलं, आता जोकर माशाची पाळी. त्याने औषधाची बाटली दिली आहे. ओतली की सगळ्या खलास. तुझ्या बापाने जिवापाड जपलेली टाकी माझ्या हातून जायला नको. तो जोकर तर त्याचा लाडका, आमच्यापेक्षा त्याच्याशी जास्त बोलायचा. शनिवारपर्यंत तुझं पत्र नाही आलं तर ओतते.

मला फोन करू नकोस. त्यात सगळे कुजबुजतात आणि कान माझे खराब म्हणतात.

कळावे. लोभ कमी झाला तरी चालेल, पत्र कमी होऊ देऊ नकोस.

तुझी आजी

७ जून

ती. आजीस सा. न. वि. वि.

बाटली ओतू नकोस. पुन्हा लिहिते, ओतू नकोस. गोमांनी मासा मारलेला नाही. मेलेल्यावर दिसल्या म्हणून मारेकरी ठरल्या, एवढंच. उरलंसुरलं, कुजकं खाऊन त्या टाकी साफ ठेवतात. सगळ्या एकदम मेल्या तर दगडांच्या पोटात सडतील, पाणी नासेल, आणि जोकर, प्रवाळ, काही म्हणजे काही उरणार नाही. बाबांचं माझ्याकडे तेवढंच आहे गं.

त्या वाढतात ते खाणं वाढलं की. खरं सांग, किती घालतेस? मी सकाळची एक चिमूट सांगितली होती. बारीक नळीचा तुकडा घे, एक तोंड बुजव, आत कोळंबीचा तुकडा ठेव. टाकीचा दिवा मालवला की वाळूवर आडवी ठेव आणि सकाळी हातमोजे घालून उचल. थोड्या काढ, सगळ्या नकोत. बोटांतले केस चिकटपट्टी लावून उपट, चोळू नकोस.

हे पत्र शनिवारच्या आत पोचतं की नाही, म्हणून जीव टांगणीला लागलाय. फोन करता येईल असा एक काकाच, आणि त्याला मी करणार नाही. बाबांना जाऊन आठवडा झाला नव्हता तेव्हा टाकी कुणाला तरी देऊन टाकायला निघाला होता. त्याला तिला हात लावू देऊ नकोस.

बोटं जप. मोठ्यांस नमस्कार लिहायचा असतो, पण घरात तुझ्याहून मोठं कोण आहे?

तुझी भिंगरी

१२ जून

चि. भिंगरी हिस आशीर्वाद, वि. वि.

तुझं पत्र सोमवारी आलं. पोस्टमनला चार शब्द सुनावले. त्याची चूक नव्हती, पण कुणाला तरी सुनावायला हवंच होतं.

शनिवारी संध्याकाळी मी रोजच्यासारखी शेजारी गप्पांना गेले आणि ओतायचं राहिलं म्हणून अर्ध्यातून परत आले. बूच काढते तोच तुझा काका आतल्या खोलीतून धावला आणि मनगटच धरलं. म्हणाला, दादाने एकदा हाच पराक्रम केला होता, जोकर तेवढा वाचला, आम्ही दोघांनी रात्रभर बादल्या उपसल्या. बाटली त्याने काढून घेतली. मी म्हटलं, ते राहू दे, तुझ्या दुसऱ्या मुठीत काय आहे? मूठ उघडेना. उघडली तर माशांचं खाणं. डबा लवकर संपतो म्हणून मी उंदरावर संशय घेत होते. उंदीर साडेपाच फुटी निघाला.

मी बाहेर पडले की रोज यायचा. सकाळी मी घालायची, संध्याकाळी तो. माझी चिमूटही जरा सढळ असते, आता विचारलंस म्हणून सांगते. गोमांचं काय, दोन घरची कमाई एका ताटात.

मग टाकी देऊन टाकायला का निघाला होतास, असं मी तोंडावर विचारलं. म्हणाला, कुणी खोलीत आलं की तो मासा काचेशी येऊन दादाची वाट बघायचा, ते बघवेना. नाक शिंकरलं आणि नळ बघायला गेला. नळाला गेले दोन महिने काहीही झालेलं नाही.

नळीत मूठभर गोमा सापडल्या. काढल्या, बाकीच्या ठेवल्या. जोकर ठणठणीत आहे, माझ्याकडे अजून हावरटासारखा बघतो.

मेलेल्यावर दिसला तो मारेकरी नव्हे, हे तुझंच वाक्य. मी शिकलेली नाही, पण लिहिलेलं वाचता येतं.

कळावे. लोभ आहेच, वाटून घ्यायला शीक.

आजी

१६ जून

ती. आजीस सा. न. वि. वि.

तुझं पत्र ऑफिसच्या जिन्यात वाचलं. मग आणखी एकदा वाचलं.

एका टाकीला दोघांनी भरवायचं नाही. तेव्हा सकाळची चिमूट आजपासून बंद कर. राग येईल तुला, येऊ दे. संध्याकाळची राहू दे. बाबाही दुकान बंद करून आले की चपला न काढता आधी तीच घालायचे. मी सकाळची केली ती फक्त माझ्या नोकरीच्या वेळेसाठी.

चिमूट दोन बोटांची, तीन बोटांची नव्हे, हे काकाला नीट सांगायला हवं. तू सांगू नकोस, तू ओरडशील. हे पत्र तुझ्या हातात पडेल तोवर मी त्याला फोन केलेला असेल, त्यामुळे यात तुला नवी बातमी अशी काहीच नाही.

लोभ वाटून घेतलाय. मोठा वाटा तुझाच.

तुझी भिंगरी