रिकाम्या खड्ड्यावरचं पाणी

माय, तुला वाचता येत नव्हतं. माझं पत्र आलं की पोस्टमन ते ओट्यावर बसून मोठ्यानं वाचायचा आणि अर्धी गल्ली ऐकायची. ही गोष्ट पत्रात कशी लिहायची, असं निमित्त मी वर्षानुवर्षं स्वतःला देत राहिलो. आता तू नाहीस, तो पोस्टमनही गेला. निमित्तं संपली.

नदीकाठच्या पांढरीवर खोदकामाचे तंबू पडले, तेव्हा महाराष्ट्र नुकताच झाला होता. त्या जुन्या वस्तीच्या टेकाडाची माती गाव पिढ्यानपिढ्या घरं लिंपायला आणायचं, आणि आता शिकलेली माणसं तीच माती चाळणीतून चाळत होती, याचं तुला फार हसू यायचं. मी बुलढाण्याच्या कॉलेजातून नुकताच बाहेर पडलेलो. हात चित्रकलेचा, म्हणून खड्ड्यांचे नकाशे काढायला मला रोजावर घेतलं. तू माती वाहायला. माझ्या डोक्यावर टोपी, तुझ्या डोक्यावर टोपलं. खोदकामाच्या मुख्य सरांसमोर तू मला 'तुमी' म्हणायचीस आणि मी ते खुशाल चालवून घ्यायचो.

तो खड्डा सापडला तुझ्या पायाला. जुन्या घराची चुन्याची जमीन लागली होती, सगळे तिच्यावरून ये-जा करत होते. तू मात्र एका जागी थांबलीस, अंगठ्यानं माती दाबलीस आणि म्हणालीस, इथं आधी कोणी तरी खणलं हाये. सरांनी वाकून पाहिलं तर खरंच राखट रंगाचा गोल दिसत होता. दोन दिवस आम्ही ब्रशनं माती काढली. खाली दोन मडकी तोंडाला तोंड लावून आडवी ठेवलेली, आणि एकाच्या फुटक्या बाजूतून बारीक हाडं दिसत होती. जबड्यात दातही फुटलेले नव्हते. तीन हजार वर्षांपूर्वीचं लेकरू. सरांचा आनंद गगनात मावेना, ते तार करायला मोताळ्याला निघून गेले.

आपण दोघंच उरलो. तू टोपलं उपडं घालून त्यावर बसलीस, पदर तोंडाला लावलास. माझी धाकटी बहीण सहा महिन्यांची होऊन गेली, तेव्हा बापानं तिला फडक्यात गुंडाळून नाल्याच्या बाजूला नेलं होतं. बायांनी तिकडं जायचं नाही, ही रीत. परत आल्यावर त्यानं आंघोळ केली आणि जागेबद्दल कधी चकार शब्द काढला नाही. पुढं तोही गेला. हे मला ठाऊक होतं, पण तू ते कधी बोलली नव्हतीस. त्या दिवशी बोललीस.

"तिची जागा मले कोणी दावली नाही. ह्या मायनं पाह्य कसं घरातच ठेवलं, डोळ्यापुढं. तू याले हालवू नको."

मी म्हणालो, अभ्यास झाला की परत ठेवतात, माय. वेळ मारून नेली. भुसा भरलेली खोकी आदल्याच दिवशी तंबूत येऊन पडली होती आणि ती कशासाठी आहेत ते मला पुरतं माहीत होतं. मडकी मी माझ्याच हातानं उचलली आणि त्यातल्या एका खोक्यात बांधली. त्या खड्ड्याचं माझं चित्र सरांना इतकं आवडलं की त्यावर मला पुण्याची कायमची नोकरी मिळाली. बायांचं काम आधीच संपलं होतं; हंगाम संपल्यावर गडीमाणसांनी खड्डे बुजवले. संध्याकाळी तू विचारलंस, ठेवलं का रे परत? मी ठेवलं म्हणालो.

पुढच्या अखाजीला, अक्षय तृतीयेला, घरी आलो तर तू पितरांची घागर भरून झाल्यावर एक तांब्या वेगळा काढलास आणि उन्हात पांढरीकडं चालू लागलीस. कुठं निघालीस विचारलं. त्या लेकराले पाणी नेते, म्हणालीस, आन तुह्या बहिणीलेबी तिथंच देते, मले दुसरी जागा कुठं हाये. त्याच क्षणी सांगायला हवं होतं. पण सांगितलं असतं तर तुझी दुसरीही जागा गेली असती, आणि माझी लबाडी उघडी पडली असती. यातलं कशाला मी जास्त भ्यालो, हे मला आजही नीट सांगता येत नाही.

निवृत्तीच्या आधी पुण्याच्या कोठारात जाऊन ते खोकं शोधलं. चिठ्ठीवर माझंच अक्षर. सुतळीची गाठही मीच मारलेली, तशीच होती. कोणाचा कसला अभ्यास झालाच नव्हता. मी खोक्यावरची धूळ पुसली आणि बाहेर आलो.

शेवटच्या अखाजीला तुझे गुडघे चालत नव्हते. मी तुला धरून पांढरीवर नेलं. तू तांब्या माझ्या हातात दिलास, माह्या हातानं सांडते म्हणालीस. मी ओतलं. माती भेगाळलेली होती, पाणी बघता बघता खाली गेलं. तू माझ्या तोंडाकडं पाहत विचारलंस, "पोचलं असन ना रे?"

"हाव," मी म्हणालो.

तू गेल्यापासून दर अखाजीला मी तिथं तांब्या घेऊन जातो. आता तुझ्याही नावानं ओततो. खाली काही नाही हे ठाऊक असलेला आता मी एकटाच, आणि तरी ओतून झालं की तुला मोठ्यानं पोचलं म्हणून सांगतो.