न निंदलेली बांधी

बाबा, मी तुझ्यावर चिडलो आहे. तू जाऊन इतकी वर्षं झाली, तरी यंदाचा अख्खा पावसाळा तुझ्यावर चिडण्यातच गेला. दिघोरीत आता रोपं रोवायला माणसं मिळत नाहीत, म्हणून धान रोवलाच नाही. आवत्या केला, बी सरळ शेतात, बांधीबांधीत फेकलं. तळ्याकडच्या बांधीला दुकानातलं बी पुरलं नाही. तुझी सून दरसाल खाण्यापुरता एका कोपऱ्यात तुझा जुना धान रोवते, त्यातलंच बी तिथं टाकलं. वरच्या बांध्यांत सावा गवत माजून धानाच्या डोक्यावर गेलं. आम्ही दोघं वाकून वाकून उपटत होतो, पाठ सरळ होईना. मग तळ्याकडे उतरलो, तर तुझी सून बांधावरच थांबली. "हे बांधी कायले निंदाची? इथं तं काईच नाई." खरंच नव्हतं. तुझ्या धानानं पानं अशी आडवी पसरली होती की खाली ऊनच पोचत नव्हतं, आणि गवत पिवळं पडून बसलं होतं.

मला आनंद व्हायला हवा होता. झाला संताप. कारण तू मला डोळ्यांसमोर दिसतोस: धान वीतभर आहे, तू चिखलात उकिडवा बसला आहेस आणि मधल्याच काही ठोंबांना चिंध्या बांधतो आहेस. सारं गाव लोंब पाहून बी निवडायचं, तू कोवळी पानं पाहून. मी विचारतो, "बाबा, हेच काहून? ते काहून नाई?" आणि तू खेकसतोस, "सांगतलं तेवढं कर. चिंधी दे इकडे." बस. एवढंच शिक्षण. आता गावातले चारजण बी मागायला दारात येतात, कसं निवडायचं विचारतात, आणि मी नुसतं बी मोजून देतो, कारण निवड तू मला शिकवलीच नाहीस. एकानं नाव विचारलं. तू आयुष्यभर त्याला 'आपला धान' म्हणालास, दुसरं नाव ठेवायला काय झालं होतं?

आणि फेकून पेरला की तुझा धान पडतो, हे कोण सांगणार होतं? कापणीच्या तोंडावर वारा आला आणि एवढा उंच धान चटईसारखा आडवा झाला. हार्वेस्टरवाल्यानं बांधावरूनच हात जोडले. आम्ही विळ्यानं कापला. तुझ्या सुनेनं बोट कापून घेतलं आणि तुझा उद्धार केला: "तुमच्या बाबानं निंदाचं वाचवलं अन् कापाले बसवलं!" मी तिला अडवलं नाही. तरी पुढच्या साली दोन बांध्या तुझ्याच धानाच्या करायच्या, असं तिनंच ठरवलंय. निंदणाची पाठ तिला कापणीच्या बोटापेक्षा जड वाटते.

हे पत्र कुठं टाकणार? राहील घडी करून. एक मात्र तुझ्यासमोर बोलायची कधी हिंमत झाली नाही: त्या धानाचा जाड, लाल भात मला कधीच आवडला नाही. आजही नाही.