बर्फातून काढलेली नळी

हुडकेश्वर, नागपूर
८ मे २०२५

ती. शोभामावशीस,
भैरवीचा सा. न. वि. वि.

तुझं कानाचं यंत्र अजून खणातच पडलेलं असणार, म्हणून फोनच्या नादी न लागता लिहिते आहे. तशी तुझ्या पत्रांची सवय मला हॉस्टेलपासूनची. तू लोणच्याच्या हातानं पत्ता लिहायचीस आणि मैत्रिणी माझ्याआधी पाकिटाचा वास घ्यायच्या.

इकडची बातमी बरी नाही. एप्रिलमध्ये लॅबमध्ये येऊन तू रक्त दिलंस ना, त्याबद्दल. आठ मायलेकींच्या जोड्या, सोळा नळ्या. मेंदूतून रक्तात उतरणारं एक न्यूरोपेप्टाइड आम्ही मोजतो. माया-जिव्हाळ्याशी त्याचं नातं आहे म्हणतात. ते असतं इतकंसं, आणि काढलेलं रक्त लगेच बर्फात गेलं नाही तर रक्तच त्याचे तुकडे करतं. मग माप कमी आलं की ते बाईतच कमी होतं की नळीत संपलं, हे कळायला मार्ग नाही. आमची पद्धत चोख आहे का, एवढंच या चाचणीत बघायचं होतं.

प्रत्येक नळी दोनदा मोजली. पंधरांची मापं जुळली. सोळावीत दोन्ही वेळा जवळजवळ काहीच नाही, आणि ती नळी माझी. माझे मार्गदर्शक विक्रम सर, त्यांचं म्हणणं असं, की बर्फाच्या एकाच डब्यातली एक नळी दगा देते तर बाकीच्या पंधरांवर विश्वास कसा ठेवायचा. कारण सापडलं नाही तर जूनमध्ये सुरू व्हायचं काम रद्द, म्हणजे माझी तीन वर्षं पाण्यात.

अस्मिता शेजारच्या टेबलावर बसते. ती चिडवते, की माझ्यात मायाच नाही. मी हसले, पण लागलं गं. आईचा चेहरा मला फोटोतलाच आठवतो. खरंच माझ्यात काही कमी आहे का?

तुझा लोभ आहे तेवढा मला कधीच पुरला नाही, तेव्हा वाढव.

तुझी,
भैरवी

रामटेक
१४ मे २०२५

चि. भैरवीस,
शोभामावशीचे अ. उ. आ.

पत्र दोनदा वाचलं, तिसऱ्यांदा चष्मा पुसून. गच्चीवर कुरड्या वाळत होत्या, त्या कावळ्यांनी नेल्या तरी मी उठले नाही. आता रागावू नकोस. त्या अस्मिताला सांग, खोट भैरवीत नाही, तिच्या मावशीच्या हातात आहे.

त्या दिवशी लॅबमध्ये तू ते रक्त फिरवायचं यंत्र मोकळं झालं का ते बघायला गेलीस आणि मला डब्यावर लक्ष ठेवायला सांगितलंस. मी लक्ष ठेवलं तिथेच चुकलं. झाकण उचलून पाहिलं तर बर्फात एका नळीवर तुझ्या नावाची चिठ्ठी.

तुला आठवायचं नाही, तू चार वर्षांची होतीस. असाच उन्हाळा होता. तुझे बाबा भोपाळहून यायचे होते, म्हणून तुझ्या आईला, माझ्या अरुंधतीला, समोरच्या खोलीत बर्फाच्या लादीवर ठेवलं होतं. तू तिच्या गालाला हात लावलास आणि माझा पदर ओढून म्हणालीस, "मावशी, आईले थंडी वाजून राहिली वं, चादर दे." मी चादर दिली. दुसरं काय देणार होते? तेव्हापासून मी सरबतातसुद्धा बर्फ घालत नाही, आणि तुम्ही पोरं मला कंजूष म्हणता.

तुझं नाव बर्फात बघवेना. नळी काढली आणि पदराखाली मुठीत धरून बसले. तू दारात दिसलीस तशी गुपचूप परत ठेवली. अर्धा तास तरी झाला असेल. बाकीच्या पंधरांना हात लावला नाही. त्यांचं बघायला त्यांच्या आया होत्या. तुझ्या सरांची बोलणी खायला मी स्वतः येते. तुझी तीन वर्षं माझ्यामुळे जायला नकोत.

चुकलेल्या म्हातारीवर राग धर, पण जेवण सोडू नकोस.

तुझी,
शोभामावशी

हुडकेश्वर, नागपूर
२१ मे २०२५

ती. शोभामावशीस,
भैरवीचा सा. न. वि. वि.

तुझं पत्र सरांना दिलं. वाचून झाल्यावर त्यांनी ते नीट घडी करून मला परत दिलं. मग म्हणाले, मावशींनी आपलं काम वाचवलं. एक नळी मुद्दाम अर्धा तास बाहेर ठेवून चाचणी पुन्हा करायची, तेच कारण ठरलं तर काम जूनमध्येच सुरू. नोंदवहीत मी लिहिलं: नळी सोळा, अर्धा तास मुठीत. सरांनी ते खोडलं नाही.

चादरीचं मला खरंच आठवत नाही. आठवणीत आहे ते पुढचं. माझे पाय गार पडले की तू ते आपल्या पोटाशी धरायचीस आणि तुझ्या बांगड्या मला टोचायच्या.

आणि एक. मायलेकींच्या जोड्यांत मावशी कशी, हे तू कधी विचारलं नाहीस. फॉर्मवर आई या रकान्यात मी तुझंच नाव लिहिलं होतं.

मंगळवारी पुन्हा रक्त द्यायला ये. डबा मी तुझ्यापासून लांब ठेवणार आहे. मुठीत काही धरावंसं वाटलंच तर माझा हात धर.

लोभाचं माप मागत नाही.

तुझी,
भैरवी