निळी पिंपं

३ मार्च, सकाळी ७
नोटीस आली. जमिनीत केमिकल मुरलंय, सगळ्या वस्तीने नव्या कॉलनीत जायचं. मी हलणार नाही. फॅक्टरीच्या स्टोअरमध्ये तीस वर्षं काढली. केमिकल मला कुणी शिकवू नये. उद्यापासून सहाला उठणे.

५ मार्च
सातला उठलो. बायको नातीला घेऊन नव्या कॉलनीत गेली. नातीच्या हातांवर पुरळ आहे. ते उन्हाचं. कंटाळून आठवड्यात दोघी परत येतील. निवांत वाटतंय. दूध दोनदा उतू गेलं.

१२ मार्च
बायकोचा फोन. पुरळ गेलं. म्हटलं नव्हतं, उन्हाचं आहे म्हणून? तिकडे पाणी एकच वेळ येतं, साठवायला काही नाही म्हणाली. नातीच्या आंघोळीचे हाल नकोत. आपलं निळं पिंप गल्लीतल्या टेलरच्या सामानाच्या टेम्पोतून पाठवून दिलं. टेलरही त्याचं नेतोय, म्हणाला इतकं मजबूत पुन्हा मिळायचं नाही. रिटायर होताना फॅक्टरीतली रिकामी पिंपं मी गल्लीत अकरा घरांना वाटली होती. लेबलं स्वतः खरवडून, साबणाने धुऊन. नाहीतर भंगारात गेली असती. माणसाने लोकांच्या उपयोगी पडावं.

२० मार्च
गल्ली रिकामी. दारापासून खिडकीपर्यंत नुसत्या येरझाऱ्या. सहाला उठणे सोमवारपासून.
बायकोचा फोन. पुरळ परत आलं, आता मानेवरही. म्हणजे दोष नव्या कॉलनीचाच! हातच्या कांकणाला आरसा कशाला? वस्तीची माती-पाणी तपासणाऱ्या सरकारी बाईंकडे तिथल्या पाण्याची लेखी तक्रार केली. आता सगळी वस्ती मी परत आणणार. भाषण लिहायला घेतलं. 'बंधूंनो'च्या पुढे सुचत नाहीये.

२७ मार्च, दुपारी ३
रिपोर्ट आला. नळाचं पाणी उत्तम. पिंपातलं विषारी. बाईंनी फोनवर विचारलं, अशी पिंपं आणखी कुणाकडे आहेत? आधी म्हणालो, आठवून सांगतो. मग अकराही घरं सांगितली. सगळी तोंडपाठ होती.

२८ मार्च
सहाच्या आधीपासून जागा आहे. टेलरच्या घरात तान्हं बाळ आहे. लाज वाटते, भीती त्याहून जास्त.
बायकोला फोन लावायचा धीर होईना, तर तिचाच आला. वाटलं, आता फाडून खाणार. नात झोपलीय म्हणून हळूच बोलली.
"आता तुम्हीही या. येताना काही आणू नका."