पडवळाचा दगड

अलिबाग, १४ सप्टेंबर १९५८

आज चंद्री रडली नाही. मांडीचं हाड मोडलं म्हणून पोरीच्या पायाला वजन टांगलंय, रोज मी ड्यूटीवर वॉर्डात शिरले की ओरडते, "बाय, दगड काढ." पाय असाच झाडत राहिली तर हाड वाकडं जुळेल, ही मला धास्ती.

खिडकीतल्या वेलाला ती खाटेवरूनच पाणी घालते. त्यावरचं पडवळ वाकडं वाढतंय, म्हणून सकाळी तिच्याच हातून त्याच्या टोकाला दगड बांधवला. गाठ मारून झाली आणि ती स्वतःच्या पायाकडे बघत राहिली. तिथलं वजन म्हणजेही दगडच की. इतकी वर्षं परसात पडवळं लावते, मला आधी कसं सुचलं नाही?

संध्याकाळी गेले तर ही पडवळालाच दटावत होती, "हलू नको रं. सरल झाल्याबिगर दगड सुटनार न्हाय."