देर्विशच्या शेतातली माझी झाडं

सोझोस अजून दारावर थापा मारतो आहे. मारू दे. दार जुनं आहे, टिकेल.

मी, मिरोफोरा, पिएरिस हाजीलूका याची विधवा, वय एक्याऐंशी, राहणार आलोनाकी, जिल्हा पाफोस, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहीत आहे. माझं डोकं ठिकाणावर आहे. माझ्यावर कोणाचा दबाव नाही. जो आहे तो दाराबाहेर आहे. नवरा, मूल, आईबाप यांपैकी कोणी उरलेलं नाही, म्हणून माझं ते कोणाला द्यायचं हे मीच ठरवणार. लग्नाकार्यात किंवा वाइनच्या पेल्यावर मी कोणाला काही कबूल केलं असेल तर ते रद्द समजावं.

"आत्या, आत काय लिहितेयस?"

"मृत्युपत्र."

"माझं नाव आहे का त्यात?"

"आहे. गप्प बसलास तर राहील."

थापा थांबल्या.

१. राहतं घर, अंगण व विहीर माझ्या भावाचा मुलगा सोझोस याला द्यावी. छप्पर त्याने दोनदा शाकारलं आणि मजुरी घेतली नाही. तो वाईट नाही, घाईत असतो.

२. गावची पतपेढी मोठ्या बँकेत गेली तेव्हा माझी शिल्लकही तिकडे गेली. तिच्यातून माझं दफन करावं. चाळिसाव्या दिवशी वाटायच्या उकडलेल्या गव्हात डाळिंबाचे दाणे घालावेत. नुसत्या बेदाण्यांवर भागवू नये. उरेल ते सोझोसच्या मुलीच्या शिक्षणाला.

३. शेंगांचा पाक करायची तांब्याची कढई सोझोसच्या बायकोला, देस्पोला. ती पाक दुकानातून बाटलीत आणते. कढई समोर असली की लाज वाटेल.

४. माझी लाकडी शिडी शेजारच्या आर्तेमूला हवी आहे. ती मिळणार नाही. गाव सोडून गेलेल्या आमच्या तुर्क शेजाऱ्याच्या, देर्विशच्या, घराचा दरवाजा आज तिच्या कोंबड्यांच्या खुराड्याला आहे. शिडी शाळेला द्यावी.

५. आता झाडं.

देर्विशच्या शेतात खारुबाची सात झाडं आहेत. चिंचेसारख्या काळ्या, गोड शेंगा धरतात. जमीन देर्विशची, झाडं माझी. शहरातल्यांना सांगितलं की हसतात. पूर्वी आमच्याकडे रानटी झाडावर जो कलम बांधी, झाड त्याचं होई, मग जमीन कोणाचीही असो. ही कलमं माझ्या वडिलांनी महायुद्धाच्या आधी, देर्विशच्या बापाला विचारून बांधली. मला ती हुंड्यात मिळाली. झाडांचा उतारा माझ्या नावावर, वेगळा आहे. देर्विशच्या शेणखतावर माझी मुळं पोसली, माझ्या पाल्यावर त्याच्या शेळ्या. भांडण एकदाच झालं, तेही शेळीवरून.

बेटाची फाळणी झाली, तुर्क उत्तरेला आणि आम्ही ग्रीक दक्षिणेला; १९७५च्या उन्हाळ्याअखेर तुर्क शेजाऱ्यांना तिकडे न्यायला बस आली. देर्विश पायरीवर चढता चढता म्हणाला, "झाडं सांभाळ, बाई. जमीन कुठे जात नाही." तिकडे मॉर्फूला त्याला इकडे पळून आलेल्या कोणा ग्रीकाची संत्र्यांची बाग मिळाली. मरेपर्यंत तो तिला "त्या माणसाची बाग" म्हणत असे, आणि पाणी मात्र मन लावून देत असे.

त्याची जमीन आज सरकारच्या ताब्यात आहे. नाव त्याचं, पण त्याच्या मुलीला, पेम्बेला, आत पाऊल टाकता येत नाही. सोझोसने ती सरकारकडून भाड्याने घेतली आणि तारेचं कुंपण घातलं. त्याला तिथे पाहुण्यांसाठी लाकडी खोल्या बांधायच्या आहेत. सात झाडं आड येतात. मी मृत्युपत्र न करता मेले तर झाडं सोझोसची होतील आणि चाळिसाव्याचे गहू उकडायच्या आत करवत चालेल.

गेल्या रविवारी पेम्बे सीमेवरचा नाका ओलांडून आली, कुंपणाबाहेर उभी राहिली आणि मग माझ्याकडे कॉफी प्यायली. मी झाडांचं बोलले.

"मावशी, मला नकोत. बागेच्या बदल्यात बाबांनी तिकडे सही केली. इकडचं सगळं सोडलं म्हणून."

"सही कशावर केली?"

"जमिनीवर."

"झाडं त्याची होती का?"

"नाही. तुझी."

"मग जे त्याचं नव्हतं ते त्याने सोडलं कसं?"

ती हसली. "तू वकील व्हायला हवी होतीस."

"बेटाची ही दशा वकिलांनीच केली. मला त्यात ओढू नकोस."

"पण शेंगा घेऊन मी करू काय? आमच्याकडे संत्र्यांनाच कोणी विचारत नाही."

"शेंगा राहू दे गं. झाडाच्या मालकाला झाडापर्यंत जायचा हक्क असतो. कुंपण कोणीही घालो, वाट द्यावीच लागते."

तिने रिकामा कप बशीवर पालथा घातला.

"म्हणजे बापाच्या शेतात जायला मला तुझी झाडं लागणार?"

"हो. आजच्या घडीला असंच आहे."

"विचार करून सांगते," म्हणाली. अजून सांगितलेलं नाही.

सबब, सातही झाडं, त्यांच्यावरच्या शेंगा आणि त्यांच्यापर्यंतची वाट मी देर्विशची मुलगी पेम्बे हिला देत आहे. तिने आज नाही म्हटलं तरी हे देणं कायम. ती विचार करेपर्यंत झाडं थांबतील. त्यांना सवय आहे. सोझोसने एक फांदी जरी तोडली तर कलम १ मधलं घर त्याला न मिळता चर्चला जाईल. चर्चच्या हातात गेलेलं घर परत येत नाही, हे तो जाणतो.

६. साक्षीदाराला मृत्युपत्रातून काही मिळत नाही. कॉफीवाल्या हांबिसला पिएरिसची फासे खेळायची पेटी हवी होती. तो म्हणाला, "मग सहीच्या आधी दे." दिली.

हे सर्व मी दोन्ही साक्षीदारांसमोर वाचलं व प्रत्येक पानावर सही केली. त्यांनीही माझ्यासमोर व एकमेकांसमोर सह्या केल्या.

मिरोफोरा हाजीलूका

साक्षीदार:
हांबिस कात्सूरिस, कॉफीवाला
एव्हदोकिया मावरू, निवृत्त शिक्षिका

आलोनाकी, ३० ऑगस्ट २०१९

खालचा मजकूर मृत्युपत्राचा भाग नाही. काल संध्याकाळी सोझोसला आत घेऊन सगळं वाचून दाखवलं. तो न जेवता गेला. आज सकाळी पेम्बे आली. सोझोसने फाटक उघडलं आणि बाजूला झाला. तिने शेंगा झोडायची काठी आणली नव्हती, पोतंही नाही. वरच्या झाडाखाली चादर अंथरून ती दुपारपर्यंत झोपली.

मि. हा., ३१ ऑगस्ट