गाडी दारात होती

प्रिय अक्का,

झरीच्या फाट्यावर टपरीत बसून लिहितोय. सायकल पंक्चर आहे आणि दुकानदार जेवायला गेलाय. मी पुन्हा नोकरी सोडली असं तुला वाटलं असेल, पण नाही. इकडच्या एका दवाखान्याला अडल्यानडल्यांसाठी जीप मिळालीय. तिचा खरंच उपयोग होतो का, ते परभणीच्या एका डॉक्टरांना बघायचंय. मी गावोगाव फिरून विचारतो, घरात कुणी अत्यवस्थ झालं तेव्हा दवाखान्यात कसं पोचलात. नुसतं फिरायचे पैसे, अजून काय पाहिजे मला.

लोक लय सांगतात. आश्रुबाला साप चावला, तर ड्रायव्हरनं भरली एसटी थेट दवाखान्यात घातली. गाडीत एक नवरदेव होता, तोही मुंडावळ्यांसकट तिथंच उतरला. आश्रुबा वाचला, लग्नाचा मुहूर्त हुकला. नवरदेवाचा सासरा अजून आश्रुबाला शिव्या घालतो.

बघ, भरकटलो. सांगायचं होतं कस्तुराबाईचं. तिची लेक पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली आणि अडली. निरोप जाताच जीप आली. पण लेक आता परक्या घरची, ऑपरेशन म्हणाले तर हो कुणी म्हणायचं? जावयाला विचारायला जिंतूरला माणूस गेला. तो जावयाला घेऊन येईपर्यंत उन्हं कलली, आणि लेक गेली. कस्तुराबाई ज्वारी निवडत होती, मान वर न करता बोलली, "गाडी दारात व्हती, बाबा. चला म्हननारं कुणी नव्हतं."

डॉक्टरांनी विचारलं, मग जीप उपयोगाची की नाही? मी कस्तुराबाईचं बोलणं वहीत तसंच उतरवून दिलं.

अक्का, पंचमी झाली की तुला बाळंतपणाला न्यायला येतो, असं कळवायला आईनं सांगितलं होतं. लाडवांसाठी डिंक-खोबरंही आणून ठेवलंय. पण मी न्यायला येणार नाही. बाप म्हणून दादा कितीही जीव लावत असले तरी जावयाला, म्हणजे दिनकररावांना विचारल्याशिवाय ते तुला गाडीत बसवणार नाहीत, तुलाही माहीत आहे. तू परभणीतच राहा, दवाखाना तुझ्या घरापासून चालत जाण्यासारखा आहे. मी आईलाच तिकडं आणतो, लाडवांच्या डब्यासकट. पहिल्या खेपेला भाऊ न्यायला आला नाही असं लोक म्हणतील, म्हणू दे. दिनकररावांना हे पत्र वाचायला दे. आणि वेळ आल्यावर सगळे एकमेकांच्या तोंडाकडं बघत बसले, तर तूच म्हण, चला.

तुझाच भटक्या,
बन्सीधर